उजवी पापणी थोडी उतरली आहे : कातडी काढावी, स्नायू आवळावा की आतून शस्त्रक्रिया करावी?

बोरीकाठ, २ सप्टेंबर

नमस्कार. मी अमळनेरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ५१. गेल्या तीन-चार वर्षांत माझी उजवी पापणी हळूहळू खाली आली आहे. दुखत नाही, खुपत नाही, दिसण्यातही फार मोठा अडथळा नाही. परंतु आखाजीला पुतण्याच्या लग्नात काढलेल्या छायाचित्रांत डावा डोळा नीट उघडा आणि उजवा पेंगुळलेला, हा फरक इतका स्पष्ट होता की घरात कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि त्यावरूनच तो सर्वांना दिसतो हे मला कळले. दुपारच्या तासांना मुली विचारतात, "मॅडम, बरं वाटत नाही का?" संध्याकाळपर्यंत कपाळ जड होते, कारण दिवसभर मी नकळत उजवी भुवई उचलून धरलेली असते.

मला दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे आलेला आहे. त्यामुळे वयाच्या चोविसाव्या वर्षापासून मी कडक, ज्यांना आरजीपी म्हणतात, त्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरते.

आतापर्यंत तीन ठिकाणी दाखवले. जळगावला सांगितले की पापणीची कातडी सैल झाली आहे, ब्लेफरोप्लास्टी करून जादा कातडी काढून टाकू. नाशिकला सांगितले की कातडीचा काही संबंध नाही, पुढून छेद घेऊन पापणी उचलणारा स्नायू आवळावा लागेल. पुण्याला सांगितले की पापणी उलटी करून आतूनच काम होईल, बाहेर एकही टाका दिसणार नाही. तिघेही सौजन्याने बोलले आणि तिघेही ठाम होते, हीच माझी अडचण आहे. या तीन पद्धतींची तुलना कोणी नीट समजावून सांगू शकेल का? जाहिरातींचे दुवे कृपया देऊ नयेत. ते मी पुष्कळ पाहिले आहेत.

पांझराकाठ, २ सप्टेंबर

ताई, मी धुळे जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयांतून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. मी शस्त्रक्रिया करणारा नव्हे, परंतु तपासणीच्या खोलीत हजारो पापण्या पाहिल्या आहेत. माझ्या मते आपला प्रश्न एक पायरी पुढचा आहे. पद्धतींची तुलना करण्याआधी नेमके काय खाली आले आहे ते ठरवावे लागते.

उन्हाळ्यात आपण ओसरीला वाळ्याचा पडदा लावतो. तो खाली लोंबत असेल तर तीन कारणे संभवतात. पडद्याचे कापडच दांडीच्या वर जमून ओघळलेले असेल, पडदा ज्या खुंटीवर टांगला आहे ती खुंटीच खाली सरकली असेल, किंवा पडदा वर ओढणारी दोरी सैल पडली असेल. डोळ्यात कापड म्हणजे कातडी, खुंटी म्हणजे भुवई आणि दोरी म्हणजे लेव्हेटर स्नायू व त्याचा पुढचा पातळ पदर. कातडी ओघळली असेल तर तिला डर्मॅटोकॅलॅसिस म्हणतात आणि तिथे ब्लेफरोप्लास्टी योग्य ठरते. दोरी सैल असेल तर तो टोसिस, आणि तिथे कितीही कातडी कापली तरी पापणीची कड जागची हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही डोळे सारखेच "बारीक" दिसतात.

घरी एक गोष्ट करून पाहा. आरशासमोर बसून कापसाच्या काडीने पापणीवरची सैल कातडी अलगद वर उचला, मात्र पापणी ओढू नका. कातडी वर गेल्यावर पापण्यांच्या केसांची खरी कड दिसेल. ती दोन्ही डोळ्यांत बाहुलीपासून सारख्या अंतरावर असेल तर दोष कातडीचा आहे. उजवीकडे ती तरीही खालीच असेल तर दोष दोरीचा आहे.

मोजमाप दवाखान्यात होते, पण ते काय असते ते सांगून ठेवतो, म्हणजे कागदावर लिहून मागता येईल. समोर टॉर्च धरली की बाहुलीच्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते. या मापाला एमआरडी-१ म्हणतात. पापणी साधारण २ मिलिमीटरपर्यंत उतरली असेल तर तो सौम्य टोसिस. दुसरे माप स्नायूच्या ताकदीचे. अंगठ्याने भुवई घट्ट दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही, आणि मग अगदी खाली पाहायला व नंतर अगदी वर पाहायला सांगून पापणीची कड किती सरकते ते पट्टीने मोजतात. १२ मिलिमीटरच्या वर म्हणजे स्नायू धडधाकट. ४ च्या खाली म्हणजे स्नायूच दुबळा, आणि तिथे या तिन्ही पद्धती उपयोगाच्या नाहीत, पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. तिसरे माप पापणीच्या घडीचे, म्हणजे कडेपासून घडी किती उंचावर पडते त्याचे.

ही मापे तिघांपैकी कोणी लिहून दिली आहेत का?

शिरपूरची_सून, ३ सप्टेंबर

काकांनी लिहिलेले वाचून मला चार वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर, असे वाटले. माझे वय ५८. माझ्याही पापण्या जड वाटत होत्या. एका मोठ्या शहरातील सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्यात (नाव लिहीत नाही) दोन्ही वरच्या पापण्यांची कातडी काढली. भुवई दाबून कोणी काही मोजले नाही. छायाचित्रे मात्र भरपूर काढली. टाके सहाव्या दिवशी काढले, वण आता शोधूनही सापडत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु डावा डोळा शस्त्रक्रियेनंतर आधीपेक्षाही लहान दिसू लागला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कारण सांगितले ते असे की, आधी मी भुवया उचलून पापण्या वर ठेवत होते, कातडीचे ओझे गेल्यावर कपाळाने काम सोडले, भुवया खाली बसल्या, आणि डाव्या पापणीचा मूळचा टोसिस उघडा पडला. आता त्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि काढलेली कातडी काही परत येणार नाही.

शलाका, ३ सप्टेंबर

मी मूळची चोपड्याची, आता मुंबईत नेत्रशल्यविशारद आहे. येथे कोणाचे निदान करणे योग्य होणार नाही, परंतु तुलना विचारली आहे ती माझ्या परीने मांडते. लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम शिरपूरच्या ताईंच्या अनुभवाबद्दल. ब्लेफरोप्लास्टी ही वाईट शस्त्रक्रिया मुळीच नाही. त्यांच्या बाबतीत ती चुकीच्या जागी केलेली चांगली शस्त्रक्रिया होती. पापणीच्या नैसर्गिक घडीत छेद घेऊन वरचा कातडीचा पट्टा काढतात, गरज असल्यास नाकाच्या बाजूची थोडी चरबीही काढतात. कौशल्य काढण्यात नसून ठेवण्यात आहे: भुवई आणि पापणीची कड यांच्यात एकूण सुमारे २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे, नाहीतर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि कॉर्निया कोरडा पडतो. आपल्याकडे धुळीचा आणि ४५ अंशांच्या उन्हाचा विचार करता हे मला अधिकच महत्त्वाचे वाटते. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. ती कधीकधी खाली सरकून चरबीसारखी दिसते आणि तिला चरबी समजून हात लावणे ही गंभीर चूक ठरते. छेद सुरीने घेतला, लेझरने घेतला की रेडिओलहरींच्या सुईने, याने अंतिम दिसण्यात फारसा फरक पडत नाही. लेझरने रक्त कमी येते, इतकेच. जाहिरातीत मात्र लेझर हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो.

आता टोसिसकडे. लेव्हेटर स्नायू डोळ्याच्या खोबणीत अगदी मागून निघतो आणि पुढे येताना अपोन्युरोसिस नावाचा पांढरा पातळ पदर होऊन पापणीतील टार्सस या चिवट पट्टीला चिकटतो. वय, डोळे चोळण्याची सवय, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा उघडा ठेवणारा चिमटा, आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या कडक लेन्स यांमुळे हा पदर ताणला जातो किंवा टार्ससवरून सुटतो. स्नायू ठणठणीत असतो, पण त्याची ओढ पापणीपर्यंत पोहोचत नाही. खूण अशी की स्नायूचे माप उत्तम येते, पापणी मात्र खाली असते आणि तिची घडी नेहमीपेक्षा वर गेलेली असते. केराटोकोनसचे रुग्ण डोळेही चोळतात आणि कडक लेन्सही घालतात, म्हणून बोरीकाठ ताईंचा प्रश्न वाचताच मला याच कारणाचा संशय आला.

पुढून करायची शस्त्रक्रिया म्हणजे हा सुटलेला पदर शोधून पुन्हा टार्ससवर टाचणे. आतून करायची शस्त्रक्रिया वेगळ्या दोरीवर काम करते. लेव्हेटरच्या खालच्या अंगाला म्युलर नावाचा एक लहान स्नायू असतो, तो पापणीला साधारण २ मिलिमीटर उचल देतो. पापणी उलटून हा स्नायू आणि त्यावरचे आतले अस्तर, म्हणजे कंजंक्टायव्हा, यांचा पट्टा काढून कडा जोडतात. गंमत अशी की आज ज्यांची तुलना होते त्या या दोन्ही पद्धतींचे पायाभूत शोधनिबंध १९७५ सालचेच आहेत: पदर टाचण्याचा जोन्स आणि सहकाऱ्यांचा, आतल्या पद्धतीचा पटरमन आणि युरिस्ट यांचा. त्याआधी १९६१ पासून फॅसानेला-सर्व्हॅट नावाची आतलीच एक पद्धत होती, तीत टार्ससचाही तुकडा काढतात. ती सोपी आणि झटपट आहे, परंतु तीत पापणीचा कणाच थोडा कापला जातो आणि त्याच्याजवळच्या लहान अश्रुग्रंथींनाही धक्का लागतो, म्हणून कोरड्या डोळ्याच्या रुग्णाला मी ती सुचवणार नाही.

आतली पद्धत कोणाला लागू पडेल हे कळण्यासाठी एक छोटी चाचणी आहे. डोळ्यात २.५ टक्के फिनाइलएफ्रिनचा थेंब घालून काही मिनिटे थांबायचे. या थेंबाने म्युलर स्नायू आकसतो. पापणी छान उचलली गेली तर आतली पद्धत बहुधा यशस्वी होते. नुसतीच थरथरली तर पुढची पद्धत बरी. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास थेंबाआधी सांगावे. याच चाचणीत आणखी एक गोष्ट पाहायची असते, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच हुकूम पाठवतो, ज्याला हेरिंगचा नियम म्हणतात. एक पापणी उतरलेली असताना मेंदू जास्त जोर लावतो आणि त्या जोराने दुसरी पापणी उंच राहते. खाली आलेली पापणी वर गेली की जोर कमी होतो आणि आतापर्यंत निरोगी वाटणारी दुसरी खाली येते. थेंब घातल्यावर डावी पापणी खाली आली, तर शस्त्रक्रियेआधीच दोन्ही डोळ्यांचा विचार करावा लागतो.

फायद्यातोट्याचे म्हणाल तर पुढच्या पद्धतीत त्याच छेदातून थोडी कातडीही काढता येते, घडी पुन्हा योग्य उंचीवर बसवता येते आणि रुग्णाला मध्येच उठवून बसवून दोन्ही पापण्या ताडून पाहता येतात, कारण भूल फक्त जागेपुरती असते. परंतु तीच भूल लेव्हेटरमध्ये झिरपली तर पापणी खोटीच खाली दिसते, आणि भुलीत मिसळलेल्या ॲड्रेनालिनने म्युलर आकसला तर खोटीच वर दिसते. म्हणजे टेबलावरचे माप थोडे फसवे असते आणि काही जणांना नंतर टाका सुधारून घ्यावा लागतो. आतल्या पद्धतीत पापणीची कमान सुरेख येते, बाहेर वण नसतो, वेळ कमी लागतो. पण टेबलावर फेरफार करायला वाव फारसा नसतो, सैल कातडी तशीच राहते आणि पहिले काही दिवस आतला टाका कॉर्नियाला घासू शकतो.

कोणती पद्धत सरस, याचे सरळ उत्तर शोधनिबंधांत मिळत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे: आतल्या पद्धतीचे रुग्ण थेंबाच्या चाचणीतून निवडून आलेले असतात आणि उरलेले अवघड रुग्ण पुढच्या पद्धतीच्या वाट्याला येतात, त्यामुळे दोन निकालांची तुलना बरोबरीची राहत नाही.

जंक्शनवाला, ४ सप्टेंबर

शलाकाताई, फारच उपयुक्त. मी २६ वर्षांचा आहे. मोबाइलवर मी "बिनछेदाची, धाग्याची" पापणी-शस्त्रक्रिया पाहिली, अर्ध्या तासात डोळे मोठे होतात म्हणतात. तिच्यात आणि यात काय फरक आहे?

शलाका, ४ सप्टेंबर

ती पापणीला घडी पाडण्याची शस्त्रक्रिया आहे, पापणी उचलण्याची नव्हे. पूर्व आशियातील अनेकांच्या वरच्या पापणीला घडी नसते. बारीक टाके कातडीखाली पुरून ती पाडण्याची पद्धत जपानमध्ये मिकामो यांनी १८९६ साली वर्णिली. आपल्याकडे बहुतेकांना घडी जन्मतःच असते. ज्याची कडच खाली आली आहे त्याला नवी घडी देऊन उपयोग नाही.

केळीबाग, ५ सप्टेंबर

आम्ही रावेर तालुक्यातले. माझ्या वडिलांचीही पापणी अशीच उतरली होती, म्हणून एक अनुभव सांगणे मला कर्तव्य वाटते. सकाळी बागेत जाताना आप्पांचा डोळा व्यवस्थित उघडा असे आणि दिवेलागणीला ओसरीवर बसले की पापणी अर्ध्यावर. कधी डावी, कधी उजवी. आम्ही वयावर ढकलले. शस्त्रक्रियेची तारीखही घेतली होती. त्या दवाखान्यातील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटे पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि पापणी आमच्या डोळ्यांदेखत वर आली. पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस निघाला, म्हणजे नस आणि स्नायू यांच्यातला निरोप नीट पोहोचत नाही असा आजार. गोळ्यांनी पापणी सावरली. सुरी लागलीच नाही.

पांझराकाठ, ५ सप्टेंबर

केळीबाग भाऊंनी मोलाचे सांगितले. त्यात भर घालतो. पापणी एकाएकी, तास-दोन तासांत किंवा एका दिवसात पडली, सोबत एकाचे दोन दिसू लागले, डोके प्रचंड दुखू लागले किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर तो सौंदर्याचा विषय राहत नाही. मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाब देत असू शकतो, आणि त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पोहोचावे लागते. उलट पापणी थोडीशीच उतरलेली आणि त्या बाजूची बाहुली लहान, असे असेल तर हॉर्नर सिंड्रोमची, म्हणजे छाती व मानेतून डोळ्याकडे जाणाऱ्या नसेच्या बिघाडाची, शंका घेतात आणि मान व छातीही तपासतात. म्हणून बाहुल्या पाहिल्याशिवाय पापणीबद्दल बोलू नये, असे आमचे वरिष्ठ सांगत.

आरोग्यम्, ६ सप्टेंबर

डोळ्यांचे व्यायाम आणि नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्यांवर औषधी तूप धरून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार, यांचा उल्लेख कोणीच केला नाही. सुश्रुतसंहितेत नेत्ररोग ७६ सांगितले आहेत, त्यांपैकी २१ पापणीचे, आणि त्यांत वातहतवर्त्म नावाचा, पापणीची हालचाल मंदावण्याचा, रोगही आहे.

शलाका, ६ सप्टेंबर

सुश्रुतांनी पापणीला एवढे स्थान दिले याचा मलाही अभिमान आहे, आणि पापण्यांच्या रोगांवर शस्त्र चालवायला तेही कचरले नव्हते. परंतु टार्ससवरून सुटलेला पदर व्यायामाने पुन्हा चिकटत नाही. शिवलेला काठ उसवला तर साडी कितीही झटकून तो शिवला जात नाही, तसेच हे. औषधाचा एक मार्ग आहे: ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब, ज्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली मोठ्या वयात आलेल्या टोसिससाठी मान्यता दिली. त्यांनी म्युलर स्नायू आकसून पापणी काही तास वर राहते, रोज घालावे लागतात. हेच औषध चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या थेंबांत असते, म्हणून कोणीही घरातले नाकाचे थेंब डोळ्यात घालण्याचा प्रयोग करू नये.

खेतिया_रोड, ९ सप्टेंबर

आतल्या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेला मी येथे एकटाच दिसतो, म्हणून लिहितो. शहाद्याचा आहे, वय ४४, डावी पापणी, दोन वर्षांपूर्वी सुरतला करून घेतली. नंदुरबारहून रेल्वेने सकाळी गेलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तपासणी करून परत आलो. थेंबाच्या चाचणीत माझी पापणी जवळजवळ उजवीइतकी वर आली होती, त्यामुळे डॉक्टरांना निर्णय सोपा गेला.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत वेदना झाल्या नाहीत, परंतु पापणी उलटून धरलेली असते ती जाणीव विचित्र असते. कॉर्नियाला टाका घासू नये म्हणून आठवडाभर साधी मऊ लेन्स घालून ठेवली होती, तरीही चार-पाच दिवस डोळ्यात भगर गेल्यासारखे वाटत होते. बाहेरून मात्र फक्त सूज. दहाव्या दिवशी दुकानात बसलो तर गिऱ्हाइकांना काही कळले नाही. आज दोन्ही डोळ्यांत बारीकसा फरक आहे. मला दिसतो, बायकोला दिसत नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक ते यशातच धरतात. हे आधी सांगितले होते म्हणून राग आला नाही.

बोरीकाठ, २१ सप्टेंबर

सर्वांची मनापासून आभारी आहे. मधल्या काळात मी नाशिकला पुन्हा जाऊन सर्व मापे कागदावर मागून घेतली, ती अशी. एमआरडी-१ उजवीकडे २, डावीकडे ४. स्नायूचे माप उजवीकडे १४, डावीकडे १५. घडी उजवीकडे ११ मिलिमीटरवर, डावीकडे ८ वर. थेंबाने उजवी पापणी ३.५ वर आली आणि डावी ४ वरून ३.५ वर उतरली, म्हणजे हेरिंग महाशय माझ्याच डोळ्यात भेटले. बर्फाने काही फरक पडला नाही, बाहुल्या सारख्या आहेत. अश्रूंची कागदी पट्टी पाच मिनिटांत ७ मिलिमीटर ओली झाली. कापसाच्या काडीचा प्रयोग घरी केला होता. कातडी थोडी सैल आहे, पण ती उचलल्यावरही उजवी कड खालीच होती.

म्हणजे जळगावची सूचना माझ्यासाठी अपुरी होती असे दिसते. आता पुढून की आतून, एवढाच प्रश्न उरला आहे. गणिताची शिक्षिका असूनही या उदाहरणाला दोन बरोबर उत्तरे असावीत असे मला वाटू लागले आहे.

शलाका, २२ सप्टेंबर

आपले वाटणे बरोबर आहे; या मापांवर दोन्ही पद्धती चालतील. प्रत्यक्ष न पाहता मत देण्याची मर्यादा मान्य करूनही माझा कल पुढच्या पद्धतीकडे आहे, आणि त्याची कारणे पापणीत कमी व आपल्या लेन्समध्ये जास्त आहेत. घडी ११ वर गेली आहे, म्हणजे पदर सुटला असण्याची शक्यता दाट. जे सुटले ते जागेवर बसवावे आणि त्याच छेदातून थोडी कातडी काढून घडी ८ वर आणावी. अश्रूंचे माप १० च्या खाली आहे आणि आपल्याला आयुष्यभर कडक लेन्स वापरायची आहे, तेव्हा आतले अस्तर शक्यतो अखंड ठेवावे. आतल्या पद्धतीने कोरडेपणा हमखास वाढतो असे मी म्हणणार नाही; बहुतेकांना तसा त्रास होत नाही. परंतु केराटोकोनसच्या रुग्णाच्या बाबतीत मी सावध राहीन.

दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली, पापणी नव्या उंचीवर बसली की कॉर्नियावरचा तिचा दाब बदलतो आणि सिलिंड्रिकल नंबरही बदलू शकतो, त्यामुळे लेन्सचे माप पुन्हा केव्हा घ्यायचे. दुसरी, आपण लेन्स काढता कशी? डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ताणून पापणी मिटायची, ही जुनी रीत आपण २७ वर्षे वापरत असाल तर पदर त्यानेच सैल झाला असण्याचा संभव आहे. शस्त्रक्रियेनंतरही तीच रीत चालू राहिली तर टाचलेला पदर पुन्हा ताणला जाईल. लेन्स काढण्यासाठी लहानसा रबरी चोषक मिळतो, त्याची सवय आतापासून करा.

बोरीकाठ, २२ सप्टेंबर

अगदी तशीच काढते. दिवसातून दोनदा, २७ वर्षे. हे मला कोणीच विचारले नव्हते.

केळीबाग, २३ सप्टेंबर

विम्याचे पाहून घ्या, ताई. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. पापणीमुळे वरच्या बाजूची दृष्टी अडते असे तपासणीत निघाले आणि शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले, तरच दाव्याला आधार मिळतो. दृष्टिक्षेत्राचा आलेख आणि समोरून काढलेली छायाचित्रे आधीच जपून ठेवा. २ मिलिमीटरवर दावा मंजूर होईलच असे नाही.

शिरपूरची_सून, २३ सप्टेंबर

आणि दिवाळीच्या सुट्टीत करा. माझी चैत्रात झाली. घामाने टाक्यांपाशी आग होत असे आणि दुपारच्या उन्हात गॉगल लावूनही डोळ्यांतून पाणी वाहत असे. पहिले दहा दिवस चुलीवर वांगी भाजू नका, मिरच्या तर नकोच. भरीत हिवाळाभर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या ज्यांनी दिल्या त्यांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि शस्त्रक्रियेच्या रात्री एकट्या राहू नका. डोळा अचानक खूप दुखून ताठ झाला किंवा दिसणे कमी झाले तर आत रक्त साचत असू शकते. ते क्वचित होते, परंतु तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते, असे मला बजावले होते.

बोरीकाठ, १६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर नाशिकला पुढच्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. आज बारावा दिवस आहे. काढलेली कातडी जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीची होती. मध्येच मला उठवून बसवले आणि समोर पाहायला सांगितले. डॉक्टरांनी एक टाका सोडून पुन्हा घातला, पुन्हा बसवले, पुन्हा पाहिले. शाळेत फळ्यावर उदाहरण पुसून पुन्हा सोडवावे तसे ते चालले होते, आणि मला त्यामुळे भीती वाटण्याऐवजी धीर आला. टाके सातव्या दिवशी निघाले. सूज सकाळी जास्त असते, दुपारी उतरते. आज उजवी पापणी ३.५ वर आहे आणि डावी थेंबाच्या चाचणीत सांगितले होते तशीच ३.५ वर उतरली आहे. झोपेत उजवा डोळा किंचित उघडा राहतो, त्यासाठी रात्री मलम घालते. कपाळ दुखणे थांबले आहे.

शाळा सोमवारी सुरू होत आहे. उजव्या डोळ्यात अजून लेन्स नाही, त्यामुळे सध्या डाव्या डोळ्याच्या लेन्सवर आणि मुलींच्या स्वच्छ हस्ताक्षरावर माझी भिस्त आहे. शलाकाताई, उजवीकडे लेन्स केव्हा घालता येईल?

शलाका, १७ नोव्हेंबर

उंची सारखी आली हे वाचून आनंद झाला. डोळा उघडा राहणे सहसा सूज उतरेल तसे कमी होते. मलम सोडू नका. उजवी लेन्स काही आठवडे तरी नाहीच, आणि घालाल तेव्हा आपल्या शल्यविशारदांनी कॉर्निया तपासून होकार दिल्यावरच. जुनी लेन्स बसते की नाही ते तेव्हा पाहतील, पण नव्या लेन्ससाठी पैसे आत्ताच खर्च करू नका; पापणी स्थिरावायला सुमारे तीन महिने लागतात, माप त्यानंतर घ्या. चोषकाचा सराव डाव्या डोळ्यावर चालू आहे ना?

बोरीकाठ, १७ नोव्हेंबर

चालू आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा लेन्स बेसिनमध्ये पडली, आता जमते.